सतरा नंबरच्या दगडाचे खरे नाव

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजोबांइतका नव्हे. माणूस नावाचा प्राणीही जन्मला नव्हता, तेव्हा मी समुद्राच्या तळाशी चिखल होतो. मला छाती नाही, तरी हे मी छाती फुगवूनच सांगतो.

पुढे समुद्र हटला, मी डोंगरात गेलो. एके दिवशी अभ्यासाला आलेल्या एका विद्यार्थ्याने हातोडीने मला फोडून काढले. तोच पुढे विद्यापीठात भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. माझ्या पाठीवर पांढरा ठिपका देऊन त्याने सतरा हा आकडा घातला, नोंदवहीत 'चुनखडक' असे लिहिले आणि मला लाकडी खणात ठेवले.

तेव्हापासून मी पदवीच्या मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत असतो. दगडावर आम्लाचा थेंब टाकायचा. चुनखडक असेल तर तो लगेच फसफसतो. मी काही फसफसत नसे. कारण मी चुनखडक नाहीच, त्याच्यासारखाच दिसणारा डोलोमाइट आहे. माझी भुकटी केली, तर कुठे चार बुडबुडे येतात. पण वरच्या वर्गातली मुले खालच्यांना नंबरांची यादीच देऊन ठेवत. सतरा म्हणजे चुनखडक, विषय संपला. मी फसफसलो नाही की पोरे म्हणत, "आम्ल जुनं झालंय." त्यांनी बाटल्या बदलल्या, पण मला कुणी नीट पाहिले नाही. याचे मला फार वाईट वाटे.

मग एक मुलगी आली. आदल्या वर्षी ती याच परीक्षेत नापास झाली होती. पुन्हा घसरली असती, तर तिचे शिक्षणच सुटणार होते. तिने थेंब टाकला, वाट पाहिली. मग चाकूने माझ्या पाठीवर ओरखडा काढला, त्या भुकटीवर दुसरा थेंब सोडला आणि भिंग लावून बसली. सावकाश बुडबुडे आले. तिने 'डोलोमाइट' लिहिले.

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अगं, वेड लागलंय का? यादीत चुनखडक आहे."

"यादीत असेल. माझ्या हातात नाहीये."

तोंडी परीक्षेला समोर तेच प्राध्यापक होते, आता केस पिकलेले.

"सतराला डोलोमाइट? ही नोंद माझ्या हातची आहे."

"सर, तुम्हीच एकदा थेंब टाकून बघा ना."

सरांनी थेंब टाकला. मी ढिम्म राहिलो. इतक्या अभिमानाने मी कधी गप्प बसलो नव्हतो. मग त्यांनी तिचाच ओरखडा जरा खोल केला आणि पुन्हा थेंब टाकला. बुडबुडे पाहून त्यांनी जुनी नोंदवही उघडली.

"हा दगड फोडून काढला, त्या दिवशी आम्लाची बाटली मी तंबूत विसरलो होतो," ते म्हणाले. "नुसत्या रंगावरून लिहून टाकलं. नंतर पुन्हा तपासलंच नाही." त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "खोड ते. आणि खरं नाव तूच लिही."

ती पास झाली, आणि मला माझे नाव मिळाले.

मित्रांनो, आम्हा दगडांना धुवा, पुसा, जपून खणात ठेवा. माझ्या पाठीवरचा तो ओरखडा मात्र घासून काढू नका. कोट्यवधी वर्षांत 'तू कोण?' असे मला पहिल्यांदा त्यानेच विचारले.