चिकोरीच्या शेडमधली कामेलिया

ओलिंदोची बायको देल्फिना जाऊन चार महिने होत आले, तरी त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. गावाने आधी त्याच्या धीराचं कौतुक केलं, मग संशय घेतला, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर ओलिंदोची रडायला काही हरकत नव्हती. दोनदा तो टेबलाशी तिच्या खुर्चीसमोर मुद्दाम जाऊन बसला. काही येईना. मग उठून शेडमध्ये गेला. सोलायची चिकोरी पडली होती.

इटलीत ट्रेविझोच्या या बाजूची माणसं लाल चिकोरीला, त्यांच्या या कडवट पालेभाजीला, सुखाने वाढू देत नाहीत. जुलैत लावायची, चुनखडीच्या जमिनीत पोसायची आणि दोन कडक हिमं तिच्या अंगावर पडू द्यायची. पानं काळवंडून चिखलात लोळली, पीक गेलं असं परक्याला वाटलं, की मुळासकट उपटायची आणि शेडमध्ये झऱ्याच्या वाहत्या पाण्यात उभी करायची. दारं-खिडक्या बंद. उजेडाची तिरीपसुद्धा आत येता कामा नये. दोन-तीन आठवड्यांत बाहेरची पानं सडतात आणि आत नवा गाभा धरतो. पांढरी शीर, लाल पान, कुरकुरीत आणि जिभेला बेताचं कडू. सडलेलं सोलून टाकलं की काम झालं. ओलिंदोने पन्नास वर्षं हेच केलं होतं आणि त्याच्या हातांना याहून वेगळं काही येत नव्हतं.

देल्फिनाची तऱ्हा वेगळी. ती माज्जोरे सरोवराकाठची. लग्न होऊन आली तेव्हा मांडीवर कामेलियाचं, एका फुलझाडाचं, वीतभर रोप घेऊन आली होती. आता ते अंगणात स्वयंपाकघराच्या भिंतीशी, मोठ्या मातीच्या कुंडीत, पुरुषभर उंच झालं होतं. त्याचे लाड काय विचारता! माती आंबट हवी, म्हणून पाइनच्या कुजलेल्या काड्या. ऊन हवं, पण सकाळचं. पाणी फक्त पावसाचं, त्यासाठी पन्हळीखाली वेगळं पिंप. आणि कळ्या धरल्या की कुंडी जागची बोटभरही हलवायची नाही.

"तुझी महाराणी खायच्या कामाची नाही की प्यायच्या," ओलिंदो चिडवायचा. "माझी चिकोरी निखाऱ्यावर भाजा, भातात घाला. लढाईत आमच्या आईने मुळं भाजून कॉफीसुद्धा केली. हिचा उपयोग काय?"

"चहा हिच्याच घराण्यातला, म्हटलं! आणि ही बघण्यासाठी आहे."

"नुसती बघण्यासाठी?"

"चाळीस वर्षं तुला बघतेच आहे ना? तुझा तरी दुसरा काय उपयोग झाला?"

इवाना, त्यांची एकुलती एक मुलगी, तूरिनला नोकरी करायची. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचा वाढदिवस असायचा आणि कामेलियाचं पहिलं फूल तेव्हाच उमलायचं. दर वर्षी देल्फिना ते तिच्या केसांत खोवायची. शेवटच्या आजारात, वरच्या खोलीत पडल्या पडल्या, तिने ओलिंदोचं मनगट धरलं होतं. "यंदा मी नसेन. पहिलं फूल इवानाला तू दे. एवढं एक कर." तो हो म्हणाला होता. पाण्याचं सांगायचं तिला सुचलं नसावं, किंवा चाळीस वर्षं डोळ्यांनी बघणाऱ्याला काय सांगायचं, असं वाटलं असावं.

पण ओलिंदोने डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबर कोरडा गेला. पिंपातलं पाणी तळाला गेलं तेव्हा ओलिंदोने शेडमधून झऱ्याच्या पाण्याच्या बादल्या आणून कुंडीत ओतल्या. या पाण्याचा गावाला भारी अभिमान. त्यात चुना आहे हे सगळ्यांना ठाऊक, किटल्यांना पांढरी पुटं चढतात. पण चिकोरीला मानवतं ते आणखी कुणाला बाधेल, हे इथे कुणाच्या डोक्यात येत नाही. नाताळापर्यंत कामेलियाची पानं पिवळी पडली. जानेवारीत पाठोपाठ दोन हिमं पडली, आणि एका सकाळी पानं कडांना काळी होऊन लोंबताना दिसली. कळ्या मात्र शाबूत होत्या. बावीस. त्याने मोजल्या होत्या.

त्यानंतर त्याने जे केलं, ते विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. त्याने हातगाडी आणली, कुंडी तिच्यावर चढवली आणि शेडकडे ढकलत नेली.

सांतिना तिथे दाराबाहेर स्टुलावर बसून चिकोरी सोलत होती. पंचवीस वर्षं ती त्याच्याकडे हेच काम करत होती आणि कामापेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं.

"हे काय रे? आता फुलं भाजून खायला घालणार आहेस का?"

"हिला हिम लागलंय. आत पाण्यात ठेवतो. जागी होईल."

"ओलिंदो, ती चिकोरी नाही."

"झाडच आहे ना?"

"अरे देवा! मीही माणूसच आहे. मला ठेवतोस का पाण्यात? गुडघे बरे झाले तर बघ." तो हसला नाही, तेव्हा सांतिनाने सुरी खाली ठेवली. "तिने हिला कधी हलवली नव्हती रे."

"तू सोल," ओलिंदो म्हणाला. त्याने कुंडी अर्धी पाण्यात बुडवली आणि दार ओढून घेतलं.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला पाण्यावर कळ्या तरंगताना दिसल्या. रोज दोन, मग चार. शेजारच्या टाकीत चिकोरी अशी धरली होती की बघत राहावं. ओलिंदो कळ्या वेचून खिशात टाकत होता. आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

वाढदिवसाच्या रविवारी इवाना आली. अंगणात शिरल्या शिरल्या तिची नजर भिंतीकडे गेली. तिथे फरशीवर कुंडीचा गोल डाग होता.

"बाबा, झाड कुठाय?"

तो तिला शेडमध्ये घेऊन गेला आणि दिवा लावला. कामेलियाच्या काटक्या उभ्या होत्या. त्याने खिशातून मूठ काढून तिच्यासमोर उघडली. बावीस कळ्या, तपकिरी, मऊ पडलेल्या.

"आईने पहिलं फूल तुला द्यायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी सगळं केलं. पाणी दिलं, वारा लागू दिला नाही, उजेड लागू दिला नाही."

इवाना झाडाशी वाकली. मग तिने नखाने खोडाची साल खरवडली. खाली हिरवं होतं.

"जिवंत आहे. यंदा फुलं नाहीत, एवढंच." ती कुंडीची कड धरून उभी राहिली. "हिला उजेड लागतो, बाबा. आईलाही लागायचा. फोनवर रोज तेच सांगायची, तुझ्या बापाला म्हणावं, खिडकी उघड, मला अंगण बघू दे. मला वाटायचं, गंमत करतेय."

ती गंमत नव्हती, हे ओलिंदोला ठाऊक होतं. त्याच्याकडे तर ती दिवसातून चारदा मागायची. आणि तो म्हणायचा, पडून राहा, शांत राहा, अंधारात बरं वाटेल. अशक्त जिवाला अंधार हवा, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टरांनी आशा सोडली होतीच, खिडकी उघडून ती वाचली नसती. पण तीन आठवडे ती लहान पोरीसारखी आर्जवं करत होती, खाली अंगणात तिचं झाड होतं, आणि त्याने तिला ते दिसू दिलं नाही.

"मी तिला चिकोरीसारखी ठेवली गं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत."

दोघांनी मिळून कुंडी बाहेर काढली. ओलिंदोचे हात कोपरापर्यंत भिजले होते. कुंडी जुन्या डागावर बसवून तो घरात गेला, जिना चढला आणि वरच्या खोलीची खिडकी उघडायला लागला. सप्टेंबरपासून बंद होती, कडी गच्च बसलेली. दोन हिसक्यांत फळ्या भिंतीवर आदळल्या आणि सकाळचं ऊन तिच्या रिकाम्या पलंगावर पडलं. खाली इवाना झाडापाशी उभी राहून वर बघत होती. पलंगावरून अंगण पूर्ण दिसत होतं. भिंत, कुंडी, सगळं. ओलिंदो पलंगाच्या कडेला बसला. त्याच्या हातांना गारठा झोंबायला लागला होता, आणि तो हुंदके देऊन रडत होता.