चूक क्रमांक त्रेचाळीस

११ मार्च. आकाश स्वच्छ, ऊन कडक, वारा नाही. त्या दिवशी दुपारी माझा जन्म झाला. त्या दिवसाची हवासुद्धा मला ठाऊक आहे, आणि पुढे तीच कामाला आली.

मी एक तिवई. मला लाकूड नाही, खिळा नाही. मोबाइलवरच्या एका खेळात मी राहते. खेळात छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं छोटंसं दुकान आहे. गिऱ्हाईक मोडकी छत्री घेऊन येतं, माझ्यावर टेकतं, आणि त्याचा धीर सुटायच्या आत छत्री नीट करून द्यायची. माझ्यावर बसून कोणी पाय हलवतं, कोणी उसासे टाकतं. माझ्याकडे मात्र कोणी बघत नाही.

मला घडवणारी माणसं तीन, जागा एका घराची मागची खोली. भाऊ प्रोग्रॅम लिहितो, धाकटी बहीण चित्रं काढते आणि त्यांची निवृत्त शिक्षिका आत्या खेळ खेळून चुका काढते. चुका काढायचा तिला तीस वर्षांचा सराव. वहीत ती आधी तारीख लिहिते, मग हवा, कारण खिडकीतलं ऊन मोबाइलच्या पडद्यावर आलं की रंग नीट दिसत नाहीत. मग क्रमांक घालून चूक.

जन्मले तेव्हा मला चार पाय होते. भाऊ म्हणाला, "एवढ्याशा दुकानात असलं ऐटबाज स्टूल? जरा गरिबीत आण की त्याला." बहिणीने एक पाय पुसला. सावलीचं चित्र वेगळं असतं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी वहीत नोंद झाली: 'चूक क्रमांक ४३. तिवईला पाय तीन, सावलीला चार.'

"उद्या करते गं, आत्या."

"तुझा उद्या कुठल्या महिन्यात येतो?" आत्या रोज विचारायची.

मे महिन्यात खेळ बाहेर पडला. लोकांना आवडला, सावलीसकट.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या कंपनीचा खेळ आला. छत्र्यांच्या जागी बॅगा, पिवळ्या भिंती हिरव्या, दुकानातल्या मांजराचा कुत्रा केलेला. बाकी सगळं आमचंच. वर त्यांनीच आधी तक्रार ठोकली, की नक्कल आम्ही केली. लोक जिथून खेळ उतरवून घेतात, त्या ऑनलाइन दुकानाने आमचा खेळ काढून टाकला. तिघांचं दीड वर्षाचं काम एका ई-मेलने नाहीसं झालं.

तिघं ज्यांच्याकडे गेली त्या वकीलबाई म्हणाल्या, "दुरुस्तीच्या दुकानाची कल्पना कुणाच्याच मालकीची नसते. त्यांनी जसंच्या तसं उचललंय असं काहीतरी दाखवा."

भाऊबहिणीने दोन आठवडे डोळे फोडले. प्रत्येक गोष्टीत थोडा थोडा बदल होताच. शेवटी बहीण वैतागून म्हणाली, "निदान राहिलेली कामं तरी उरकते," आणि तिने माझं चित्र उघडलं. खोडरबर सावलीच्या चौथ्या पायापर्यंत आलं.

शेजारी आत्या त्या दुसऱ्या खेळातल्या चुका उतरवत होती.

"त्यांच्या चुका तू कशाला काढतेस?" भाऊ म्हणाला.

"हाताला सवय आहे, बाबा." तिने सहावी चूक लिहायला घेतली. 'तिवईला पाय तीन, सावलीला...' पेन थांबलं. "अरे, हे मी आधी कुठेतरी लिहिलंय." तिने भराभर पानं उलटली, आणि मग वर्गात ओरडत असेल तशी ओरडली, "हात वर! कशालाही हात लावू नकोस!"

बहिणीने खरोखरच दोन्ही हात वर केले. म्हणून मी वाचले, आणि माझ्या फाइलवरची मार्चची तारीखही वाचली.

कोर्टात मला मोठ्या पडद्यावर दाखवलं. इतकी माणसं एकदम माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होती, आणि तीही माझं व्यंग. मी संकोचले.

न्यायाधीशांनी कंपनीच्या चित्रकाराला विचारलं, "ही चौथ्या पायाची सावली कुठून आली?"

"साहेब, उजेड दोन बाजूंनी येतो."

"मग तुमच्या कुत्र्याच्या सावलीला चारच पाय कसे?"

कंपनीचे वकील घाईने आत्याकडे वळले. "ही वही तुम्ही गेल्या आठवड्यात बसून लिहिली नसेल कशावरून?"

"रोजची हवा लिहिली आहे. ताडून बघा."

वेधशाळेच्या नोंदी मागवल्या. एकशे चार दिवसांपैकी एकशे तीन जुळले. उरलेल्या दिवसाबद्दल आत्या अजूनही म्हणते की वेधशाळा चुकली.

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे: खेळताना कधी गिऱ्हाईक उठून गेलं, तर क्षणभर माझ्याकडे बघा. मी फार वेळ घेणार नाही.

१९ जानेवारी. थंडी, सकाळी धुकं. निकाल लागला. कंपनीने आपला खेळ सात दिवसांत काढून घ्यायचा, ऑनलाइन दुकानाने आमचा परत लावायचा. २३ जानेवारीला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो परत लागला. त्याच दिवशी आत्याने चूक क्रमांक ४३ पुढे लाल शाईने लिहिलं: 'दुरुस्त करू नये.'