भुरी म्हैस आणि कुसाबाईचे हात

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे, आणि अंगाने पांढरी आहे. हसा, हसून घ्या. सगळेच आधी हसतात, मग विचारतात, गाय आहे का हो? अरे, शिंगे बघा, मान बघा! गायीला कधी डबक्यात अशी बसकण मारताना पाहिलेत का? माझे नाव भुरी. नाशिकला पंचवटीच्या मागच्या अंगाला सहादू गवळ्याचा गोठा आहे, तिथे सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या आषाढात माझा जन्म झाला.

मी बाहेर आले आणि सहादूने मला धरायला पुढे केलेले हात एकदम मागे घेतले. गोठ्यातल्या साऱ्या म्हशी काळ्याकुळकुळीत, आणि मी पांढरीफटक, डोळे गुलाबी, नाकसुद्धा गुलाबी! आईने मात्र मला चाटूनपुसून उभे केले. तिला रंगाचे काय पडले होते?

पहिले काही दिवस बायका मला हळदकुंकू वाहून गेल्या. मग बोलण्याची दिशा फिरली. सहादूची बायको कुसाबाई हिच्या बोटांवर आणि मनगटावर कोडाचे पांढरे डाग होते. लग्नानंतर काही वर्षांनी उठलेले. धारा काढणे, चारा घालणे, शेण काढणे, सगळे तीच करायची आणि आजवर कोणाची तक्रार नव्हती. पण माझ्या आईच्या दुधाचा रतीब होता गल्लीतल्या भागुबाईकडे. ती एके दिवशी दारातच म्हणाली की, बाईचे कोड म्हशीच्या पोटात उतरले. झाले! गल्लीभर तेच. एकेक रतीब बंद पडू लागला.

सहादू घाबरला. त्याने कुसाबाईला सांगितले, "आजपासून गोठ्यात पाय ठेवायचा नाय. दिवाळी झाली का सायखेड्याला माहेरी जा. परत कधी यायचं ते मी कळवीन."

मी हे ऐकले तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. ज्या बाईने मला आईच्या आचळाला लावले, तिला माझ्यामुळे घराबाहेर काढत होते! कुसाबाई गोठ्याच्या कुडाच्या बाहेर उभी राहून आमच्याकडे बघत राहायची.

दिवाळीचा पाडवा आला. त्या दिवशी नाशिकचे गवळी आपल्या म्हशी आणि रेडे सजवून वाजतगाजत गंगेवर नेतात. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. आदल्या दिवशी जनावरांच्या अंगावरचे केस वस्तऱ्याने भादरायचे आणि अंगाला तेल चोपडायचे, म्हणजे कातडी लखलखते. सहादूच्या बापाने तेच केले, आज्याने तेच केले. सहादूनेही मला भादरले, तेलाने माखले. त्याला वाटले, मिरवणुकीत लोक भुरीला बघतील, लक्ष्मी म्हणतील आणि गेलेले रतीब परत येतील. काळ्या म्हशीला जे मानवते ते पांढरीला मानवत नाही, हे त्याला कोण सांगणार? गोठ्यात पांढरे जनावर कधी जन्मलेच नव्हते.

उन्हात निघालो. हलगी वाजत होती, रेडे फुरफुरत होते. थोड्याच वेळात माझी पाठ भाजू लागली. मित्रांनो, काय सांगू, तव्यावर ठेवल्यासारखे वाटत होते! डोळे उघडवत नव्हते. घाटावर पोचेपर्यंत पाठीवर फोड आले, आणि मी भर गर्दीत कोसळले.

लोक पुढे सरकायच्या ऐवजी मागे सरकले. कोणी म्हणाले, कोड फुटले. सहादू हातात दोर धरून नुसता थिजला होता. आणि गर्दीतून कुसाबाई धावत आली. तिने आपल्या अंगावरची शाल गंगेत भिजवली आणि माझ्या पाठीवर पसरली.

"हात लावू नको," सहादू म्हणाला.

"मग तुम्ही लावा," ती म्हणाली. "लावता?"

सहादूचा हात काही पुढे आला नाही.

मिरवणूक बघायला आलेले जनावरांचे डॉक्टर तेवढ्यात तिथे पोचले. त्यांनी मला सावलीत न्यायला लावले, पापण्या उघडून डोळे पाहिले, आणि लोकांची कुजबुज त्यांच्या कानावर पडलीच. ते सहादूला म्हणाले, "कॅनडाच्या समुद्रात ऑर्का नावाचा प्रचंड प्राणी असतो. मासा नव्हे, पिलाला दूध पाजतो. पाठ काळी, पोट पांढरे. चार वर्षांमागे तिथे एक सगळीच पांढरी ऑर्का पकडली. आता मला सांग, तिला कोणत्या बाईने हात लावला होता?"

मग त्यांनी समजावले. कोड शिवल्याने लागत नाही आणि दुधातून तर नाहीच. कातडीत काळा रंग बनवणारे द्रव्य असते. कधी आईबापांच्या रक्तातूनच पिलात ते उतरत नाही, डोळेसुद्धा गुलाबी होतात. कधी अंग पांढरे पण डोळे काळे राहतात. कधी कारण कोणालाच कळत नाही. त्यांनी माझ्या बापाची चौकशी केली. सहादूने मोठ्या अभिमानाने सांगितले, आपलाच सुलतान, या घाटावरचा नावाजलेला रेडा. माझी आईही सुलतानचीच लेक. डॉक्टर म्हणाले, "मग खोट तुझ्या गोठ्यातच लपली होती. एकाच रक्तात जोडी लावलीस, ती वर आली." सहादूचा चेहरा खर्रकन उतरला.

"आणि ती पांढरी ऑर्का?" कुसाबाईने विचारले.

"पकडल्यावर तीन वर्षांच्या आतच गेली. तिला रंगाबरोबर आजारही होता. अंगात रोगाशी झगडायची ताकदच नव्हती. हिलाही तो असेल तर जखमा चिघळतील. नसेल तर भरतील. आठवडाभरात कळेल."

जगाच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासारखीच एक पांढरी, आणि ती मेली?

कुसाबाई माहेरी गेली नाही. तिने विचारलेही नाही. गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मला बांधले, रोज जखमा धुतल्या, मलम लावले, माशा हाकल्या. सहादू लांबून पाहायचा. दोन दिवस मला ताप होता. मग खपल्या धरल्या, आणि खाली नवी गुलाबी कातडी दिसली. जखमा भरल्या, मित्रांनो! मला तो आजार नव्हता. सहादू त्या दिवशी माझ्यापाशी बसून रडला.

पुढे भागुबाई रतीब सुरू करायला आली. तिने हळूच विचारले, धार कोण काढतं? सहादूने दुधाची चरवी उचलून कुसाबाईच्या हातात दिली.

"हीच काढती," तो म्हणाला. "चालत असंल तर भांडं पुढं करा. नाय तर दुसरा गोठा बघा."

भागुबाईने भांडे पुढे केले नाही. ती निघून गेली, आणि तिच्यासारखे आणखीही काहीजण गेले. सहादूने चरवी मात्र परत घेतली नाही.

आता मी थकले. माझी सगळी वासरे काळीच झाली, सहादू आता रेडा बाहेरगावचा बघतो. कुसाबाईचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले आहेत आणि धारा तीच काढते. मित्रांनो, वेगळ्या रंगाचे कोणी दिसले तर कारण जरूर शोधा, डॉक्टरांनी शोधले म्हणूनच खरे काय ते कळले. पण कारण सापडेपर्यंत त्याला उन्हात उभे करू नका. आधी सावलीत घ्या.