पाणी लिहिलेली बाटली

'पाणी' अशी चिठ्ठी लावलेल्या पहिल्या बाटलीत काकांनी मिठाचं पाणी ओतलं, ड्रॉपरचं झाकण फिरवलं आणि बाटली कोरड्या फडक्यानं पुसून ट्रेमध्ये ठेवली. मग दुसरी. चोवीस बाटल्या झाल्यावर त्यांनी दुसरा ट्रे पुढे ओढला. त्यातल्या चोवीस बाटल्यांवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात 'मिठाचे द्रावण' असं लिहिलेलं होतं. त्यांत त्यांनी शुद्ध पाणी भरलं.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सव्वीस वर्षं परिचर होते. मुलं त्यांना काका म्हणत आणि मुलांचं ऐकून शिक्षकही काकाच म्हणू लागले होते. आज बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. पहिला प्रश्न पाच गुणांचा होता. पाठीकडून जांभळं असलेल्या पानाचा पापुद्रा काढायचा, एक तुकडा पाण्यात ठेवायचा, एक मिठाच्या द्रावणात, आणि सूक्ष्मदर्शीखाली जे दिसेल ते काढायचं. पाण्यात पेशी टम्म भरलेल्या दिसतात, रंग थेट भिंतीपर्यंत. मिठात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, भिंत तिथेच राहते आणि रंग आक्रसून मधोमध गोळा होतो. रससंकोच. काका फारसे शिकले नव्हते, पण हा शब्द त्यांनी सव्वीस वर्षं ऐकला होता.

आज सगळं उलट दिसणार होतं. चोवीस मुलं गोंधळणार, पाच-सहा हात वर होणार, कुजबुज सुरू होणार. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून नावाजलेले होते. ते उठून बघणार आणि विचारणार, ही द्रावणं तपासली कुणी? मग तपासणीचा कागद पुढे येणार. त्यावर विभागप्रमुख मॅडमची सही असणार. पुढच्या आठवड्यात मॅडमच्या प्राचार्यपदाचं ठरायचं होतं, आणि परीक्षकांच्या एका ओळीनं ते मोडलं असतं.

मॅडम द्रावणं तपासत नसत, हे फक्त काकांना माहीत होतं. आजही त्या आठ वाजता आल्या, दारातच थांबल्या, कानाला फोन. काकांनी कागद पुढे केला. मॅडमनी तो भिंतीवर टेकवून सही केली.

"सगळं नीट आहे ना, काका?"

"नेहमीसारखं."

"तुम्ही आहात म्हणून मला बघावं लागत नाही."

काकांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

चार वर्षांपूर्वी याच खोलीत, तिसऱ्या टेबलावर, त्यांची मुलगी परीक्षेला बसली होती. परीक्षेआधी पंधरा दिवस काका घरी प्रयोगशाळेचा शब्द काढत नव्हते. कोणतं पान आणलंय ते कळू नये म्हणून बोटांचे डागसुद्धा दगडानं घासून घरी जात. तिनं सगळं भराभर आणि बरोबर लिहिलं. तेव्हा मॅडम त्या वेळच्या परीक्षकांना म्हणाल्या होत्या, "हिचे वडील इथलेच. काय ठेवलंय ते हिला घरीच कळलं असणार." ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकांच्या समोर म्हणाल्या होत्या. परीक्षकांनी मान हलवली आणि गुण खाली आले. सरकारी इस्पितळातल्या नर्सिंगचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. आता ती त्याच इस्पितळात केसपेपरच्या खिडकीत बसे. आतल्या वॉर्डाचा दरवाजा तिला तिथून दिसे.

"बाबा, तुम्ही सांगितलंच असतंत तर बरं झालं असतं," ती एकदाच म्हणाली होती. "बोल तर लागलाच."

तेव्हापासून काका मॅडमना पाण्यात पाहत होते. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून झालेल्या समारंभात प्राचार्यांनी 'खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस' म्हणून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, तेव्हा त्यांनी खाली वाकून नमस्कार केला होता आणि नजर मॅडमच्या चपलांवर ठेवली होती.

नऊ वाजता घंटा झाली. मुलं टेबलांना भिडली. काका ट्रे घेऊन रांगांमधून फिरू लागले आणि पहिला हात वर होण्याची वाट पाहू लागले.

हात वर झाला नाही.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. काकांनी चाल मंद केली. पहिल्या रांगेतला एक मुलगा सूक्ष्मदर्शीत डोकावला, डोकं वर करून जरासा थबकला, त्यानं शेजारच्याच्या कागदाकडे तिरकं बघितलं आणि तो पेन्सिलीला टोक करून पुस्तकातली आकृती काढू लागला. पाण्यात भरलेली पेशी, मिठात आक्रसलेली. त्याच्या मागच्या मुलीनं तर काचपट्टी अजून चढवलीच नव्हती. तिची दुसरी आकृतीही रंगवून झाली होती. तिसरा, चौथा, सातवा. सगळ्यांच्या कागदांवर एकच चित्र, सुबक आणि खोटं. काका बाटलीकडे बघत, मग कागदाकडे बघत. चार वर्षं दात धरून बसलेल्या माणसाचा डाव असा कुणाच्या लक्षातही न येता वाया जावा, हे त्यांना सहन होईना.

"काका."

शेवटच्या रांगेत खिडकीजवळ बसणारी मुलगी होती. वर्षभर तिचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"ही बाटली पाण्याचीच आहे ना?"

"चिठ्ठीवर काय आहे?"

"पाणी."

"मग झालं."

"पण दिसतं तसं नाही." तिनं बाटली उजेडात धरली. "जिभेला लावून बघू?"

"प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं," काका म्हणाले.

तिनं काचपट्टी धुतली, नवा पापुद्रा काढला, पुन्हा बघितलं. मग शेजारच्या टेबलावरची बाटली मागून घेतली आणि तिसऱ्यांदा सगळं मांडलं. बाकीची मुलं दुसऱ्या प्रश्नावर गेली होती. हृदयाचा छेद ओळखायचा, चार कप्पे दाखवायचे, रक्त कुठून कुठे वाहतं ते बाणांनी काढायचं. सात गुण. ती अजून पहिल्यावरच होती. काका दोनदा तिच्या मागून गेले. बोलले मात्र नाहीत. एक तरी निघाली, एवढंच त्यांच्या मनात आलं. एक पुरे.

तोंडी परीक्षेला तिचा नंबर शेवटचा होता. परीक्षक आणि मॅडम शेजारी शेजारी बसले होते. मॅडमनी तिचा कागद वाचला आणि हसल्या.

"साहेब, ऐका. 'पाणी असे लिहिलेल्या बाटलीतील द्रावणात पेशीरस भित्तिकेपासून सुटला. म्हणून हे पाणी नसावे.' नाचता येईना, अंगण वाकडं."

"मी तीनदा बघितलं, मॅडम," मुलगी म्हणाली.

"तेवीस जणांना बरोबर दिसलं, तुलाच उलटं कसं दिसलं?"

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. काका दोन हातांवर ट्रे घेऊन उभे होते, चार वर्षांपूर्वी होते तिथेच. आता गप्प राहिलं तर मॅडम सुटल्या.

"साहेब," ते म्हणाले. "तिची काचपट्टी अजून लावलेली आहे. एकदा बघून घ्या."

मॅडमनी मान वळवली. परीक्षक उठले, शेवटच्या टेबलाशी गेले, वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी 'पाणी' लिहिलेल्या बाटलीतला एक थेंब बोटावर घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच जिभेला लावला.

"तू बाहेर थांब," ते मुलीला म्हणाले.

दार बंद झालं. काकांनी खिशातून कागद काढून, घडी उलगडून टेबलावर ठेवला. सही वर आली. मॅडमचा चेहरा उतरला. त्या क्षणासाठी काकांनी चार वर्षं काढली होती आणि तो त्यांनी पोटभर पाहून घेतला.

परीक्षकांनी सही वाचली. मग समोरचा गठ्ठा चाळला. तेवीस कागद, तेवीस सारख्या आकृत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांवर त्यांनी स्वतःच टाकलेले पाचपैकी पाच. ते घड्याळाकडे बघत बसले.

"हे वर कळवलं तर परीक्षा रद्द," ते शेवटी म्हणाले. "मग मलाही विचारणार, तुम्ही तीन तास काय करत होतात."

परीक्षकांनी गठ्ठा सारखा केला.

"त्या मुलीला पाच द्या. सगळ्यांनाच पाच. बाटल्या रिकाम्या करून घ्या, दोनच्या तुकडीला नीट भरून ठेवा."

"आमच्या काकांचं वय झालंय हो," मॅडम म्हणाल्या. आवाज परत जाग्यावर आला होता. "चूक माणसाच्याच हातून होते. मी रागावणार नाही त्यांना."

तो कागद त्यांनी उचलला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला. गुणपत्रक पाकिटात गेलं, पाकिटाला लाख लागली, आणि दोघं जेवायला गेले.

काका मोरीशी उभे राहून बाटल्या ओतू लागले. अठ्ठेचाळीस बाटल्या. उट्टं काढायला निघालेल्या माणसाला माफी मिळाली होती. त्यांना एक बाटली फोडावीशी वाटली. त्यांनी ती धुतली आणि उपडी ठेवली.

"माझी पट्टी राहिली," दारातून आवाज आला.

तीच मुलगी होती. तिनं टेबलावरची पट्टी घेतली, पण गेली नाही.

"बाटल्या उलट होत्या ना, काका?"

"हो."

"मॅडम बाहेर म्हणाल्या, तुमच्याकडून चुकून झालं."

काकांना नुसतं हो म्हणता आलं असतं. पण तो एक शब्द आता त्यांच्या तोंडून निघेना.

"चुकून नाही. मी केलं."

"का?"

त्यांनी सांगितलं. मुलीची परीक्षा, मॅडमचं बोलणं, दोन गुण, केसपेपरची खिडकी. बाहेरच्या कुणाला ते पहिल्यांदाच सांगत होते.

"मग मॅडमना काय झालं?"

"काही नाही."

"आणि बाकीच्या मुलांना?"

"सगळ्यांना पाचपैकी पाच. तुलापण."

तिनं पट्टी दप्तरात सरळ घातली, चेन ओढली.

"माझा हृदयाचा प्रश्न राहिला," ती म्हणाली. "तीनदा पापुद्रा काढण्यात वेळ गेला. एक कप्पा काढला आणि घंटा झाली. मला पूर्ण येत होता."

ती तक्रार करत नव्हती. काय घडलं ते सांगत होती, कागदावर लिहिलं होतं तसंच.

काकांनी नळ बंद केला. हात पुसायला फडकं शोधलं. ते खांद्यावरच होतं.

"मी साहेबांना जाऊन सांगतो. सगळं सांगतो."

"पाकिटाला लाख लागली. खिडकीतून बघितलं मी."

"माझ्या मुलीचे दोनच गेले होते," काका म्हणाले. हे आपण का बोललो ते त्यांना कळलं नाही.

"माझे सहा."

बाहेर दोनच्या तुकडीची मुलं जमू लागली होती. चपलांचे आवाज येत होते, कुणीतरी रससंकोचाची व्याख्या मोठ्यानं पाठ म्हणत होतं. काकांनी धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे भरायला उचलला. त्यांना वाट मिळावी म्हणून ती बाजूला झाली, पण गेली नाही. भिंतीशी उभी राहून त्यांच्याकडे पाहत राहिली. तसं पाहायला लागलेल्या माणसाची चार वर्षं कशी जातात, ते काकांना ठाऊक होतं.