फ्री-किक मान-बोक दादाच मारणार

कोरियातल्या आमच्या गुनसानच्या फुटबॉल संघात एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. फ्री-किक मिळाली की ती मान-बोक दादा मारणार. आणि मी कोण? मी सोक-जे, मधल्या फळीत जन्मभर त्याच्या शेजारी पळालेला गाढव. शाळेच्या हिशेबानं तो माझ्या पुढच्या वर्गातला, म्हणून तो दादा आणि मी धाकटा. त्याची बॅग मी उचलायची, त्याच्या पेल्यात दोन्ही हातांनी दारू मी ओतायची, मांस भाजताना चांगले तुकडे त्याच्याकडे सरकवायचे. ते सगळं एक वेळ ठीक आहे हो! पण मैदानातही अहो-जाहो? "दादा, तुमच्या मागून एक जण येतोय, जरा बघता का?" एवढं आदरानं सांगून होईपर्यंत तो एक जण बॉल घेऊन आमच्या गोलपाशी पोचलेला असायचा.

यंदा माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. शनिवारी माझी शेवटची मॅच होती. इतकी वर्षं खेळलो, दुसऱ्यांना पास देऊन देऊन त्यांची नावं मोठी केली, पण एक हौस राहून गेली होती. एक फ्री-किक मारायची. बॉल आपल्या हातानं ठेवायचा, मागे यायचं आणि अख्ख्या स्टेडियमनं श्वास रोखून माझ्याकडे बघायचं. बास, एवढंच. पण दादाकडे त्याचा बॉल मागायचा तरी कोणत्या तोंडानं?

शुक्रवारी सरावानंतर आम्ही दोघं त्याच्या आईच्या खानावळीत गेलो. माझी शेवटची मॅच म्हणून माउलीनं माशाचं सूप अगदी काठोकाठ वाढलं.

"तू कुठल्या सालचा रे, सोक-जे? एवढ्यात थकलास?"

"ड्रॅगनच्या, आई." आमच्याकडे प्रत्येक सालाला एका प्राण्याचं नाव असतं, आणि ड्रॅगनच्या आधीचं साल सशाचं.

"अगं बाई! म्हणजे आमच्या मान-बोकच्याच बरोबरीचा की!"

"नाही हो आई. दादा सशाच्या वर्षातले. माझ्याआधीचे."

"कसला ससा? जन्म मी दिलाय का तू?" आईनं पळी आपटली. "डिसेंबर संपता संपता झाला हा. आठवड्यात नवं वर्ष लागलं आणि सासरे नाव नोंदवायला गेले. कारकुनानं विचारलं, पोर केवढं? सासरे म्हणाले, दोन वर्षांचं! खोटं काय त्यात? आपल्यात जन्मतानाच एक, नवं वर्ष लागलं की दुसरं. पण त्या शहाण्यानं चालू सालातून सरळ दोन वजा केले आणि माझं तान्हं पोर वर्षभरानं मोठं करून ठेवलं!"

मी दादाकडे पाहिलं. दादा सुपाच्या वाडग्यात तोंड खुपसून बसला होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाच्या वेळी कळलं. पत्रिका बघताना."

"आणि तरी बॅग मलाच उचलायला लावत होतात?"

"तू छान उचलायचास," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आम्ही एका वयाचे! उलट चार-सहा महिन्यांनी मीच मोठा! ज्याला मी खुशाल अरे-तुरे करायचं, त्याच्यापुढे मी अर्धं आयुष्य वाकून उभा होतो. सूप तसंच टाकून मी उठलो.

शनिवारची मॅच तशी कोरडीच. गुणतक्त्यात आम्ही ना वर चढणार होतो, ना खाली घसरणार. दोन्हीकडे एकही गोल नाही, आणि शेवटाला आम्हाला फ्री-किक मिळाली, अगदी मोक्याच्या जागी. दादानं सवयीनं बॉल काखेत मारला. मी तावातावानं त्याच्यासमोर गेलो. म्हणणार होतो, "ए, दे इकडे!" तोंडातून निघालं, "दादा, आज मला द्या ना."

स्वतःच्याच जिभेची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

दादा गालात हसला. "दादा म्हणतोस तोवर बॉल दादाचा. नावानं हाक मार, मग देतो."

पंच शिट्टी वाजवतोय, समोरचे अकरा खोळंबलेत आणि माझ्या घशातून एक साधं नाव निघेना. शेवटी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मान-बोक! ए मान-बोक! बॉल दे!"

आमच्या बचावफळीतल्या पोरांनी तोंडाचा आ केला. एकानं तर घाबरून माझ्या वतीनं दादाला वाकून माफीच मागितली.

मान-बोकनं बॉल माझ्या हातात ठेवला. मी तो गवतावर टेकवला, मागे आलो. स्टेडियम गप्प झालं. अगदी मनासारखं. मी धावलो आणि सगळा जीव पायात आणून लाथ घातली.

बॉल गोलच्या वरून गेला. प्रेक्षकांच्याही वरून गेला. पार गाड्या लावतात तिथे कुठेतरी पडला असावा, कारण एक हॉर्न बराच वेळ वाजत होता.

मान-बोक गवतावर बसून पोट धरून हसत होता. "बघितलंस ना? वय कळल्यावर मी गप्प का बसलो ते आता समजलं? बरोबरीचे आहोत म्हणून सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी फ्री-किक मागितली असतीस. आणि तुला नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं होतं काय? बाबा रे, तुझ्या पायात ती नाहीच! सरावात रोज बघत होतो मी."

"मग आज का दिलीस?"

"आज तुझी शेवटची. जाऊ दे गेली तर."

मी त्याच्या शेजारी धपकन बसलो. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली, तीही "तू" लावून, आणि त्यानं तितकीच सणसणीत मला परत दिली.