चार बोटांवरचा आरसा

तोंडापासून चार बोटांवर मला धरून ‘पेपर’ म्हटलं, की माझ्या काचेवर वाफेचा एक गोल उमटतो. मध्ये दाट, कडेला विरळ. पंख्याखाली तो चटकन विरतो. दमट हवेत रेंगाळतो.

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. ठाण्याच्या बाजारात एका कारागिराने माझ्या पाठीला कलई चढवली, पत्र्याची चौकट बसवली. १९८९ साली कळव्याच्या एका शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा तिथल्या बाईंनी मला विकत घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की शब्द वहीत उतरण्याआधी ओठांना कळला पाहिजे. ‘व्हिटॅमिन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकायचे; ‘वॉटर’ला ओठांचा चंबू करायचा. आपल्याला दोन्हीकडे एकच ‘व’ पुरतो, म्हणून माझ्यात पाहून सराव करायचा.

मी थकलो. दिवसभर कारखान्यात उभी राहिलेली माणसं माझ्यावर श्वास सोडत आणि मला बाहीला, पदराला पुसत. तो ओलावा पाठीत मुरला, कलईवर काळे डाग पडले. कधी कौतुकही होई. वर्गातली शेवंती म्हणायची, “बाई, माझा नवरा पण माझ्याकडं एवढा वेळ बघत नाय!”

त्या वर्गात सगुणा होती. थोरले दीर गुणाजी यांनीच तिचं नाव घातलं होतं. तेही शिकायला येत. सगुणाच्या ओठांची ठेवण सगळ्यांत बिनचूक. पण तिच्यासमोर माझी काच कोरडी राही. त्यांच्या घरात सुनेने थोरल्या दिरापुढे आवाज काढायचा नाही, अशी रीत. म्हणून ती श्वास रोखून नुसते ओठ हलवी. सगळे एका सुरात म्हणत, त्यात ते कुणाला कळत नसे. मला कळत होतं, पण आरशाला सांगता येत नाही. मित्रांनो, कुणाचे ओठ हलताना दिसले म्हणून समाधान मानू नका. आवाज येतोय का, तेही ऐका.

पुढे नाक्यावरच्या दवाखान्यात फोनवर औषधांची नावं सांगायला बाई हवी होती. डॉक्टरीणबाईंनी सगुणाला विचारलं. मिठागरात राबून तिचे पाय फुटले होते. काम तिला हवंच होतं. पण त्यासाठी घरी थोरल्या दिरांपुढे तोंड उघडावं लागणार, म्हणून महिनाभर ती “सांगते, सांगते” करत राहिली. शेवटी निरोप आला : आज कळव, नाहीतर उद्या दुसरी बघते.

त्या संध्याकाळी बाईंनी मला तिच्या तोंडाशी धरलं आणि प्रथमच ओठांऐवजी काचेकडे पाहिलं.

“अगं सगुणा, श्वास कुठाय? म्हण बघू एकटी.”

सगुणाने पदर पुढे ओढला.

मागच्या बाकावरून गुणाजी हसले. “बोलते की बाई! आमच्यापेक्षा भारी बोलते.”

“तुम्ही ऐकलंय कधी?”

गुणाजींचं हसू मावळलं. “नाय,” ते हळूच म्हणाले. “घरात पण नाय.” मग ते उठले. “मी भायेर थांबू का?”

“नको भावजी,” सगुणा म्हणाली. आवाज घोगरा होता, पण सगळ्या खोलीला ऐकू गेला. “बसा. तुमच्यासमोरच सांगते. सोमवारपासून मी दवाखान्यात कामाला जाणार हाय.”