अर्ध्या गोधडीचा सूड

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो. पण म्हणून मला मायाळू वगैरे समजू नका. मी डूख धरणारी आहे. बारा वर्षं मी एका बाईवर डूख धरून होते.

साकोली तालुक्यातल्या एकोडीत, चौऱ्याहत्तर साली, चंद्रभागाबाईने मला शिवायला घेतलं. तिला पाचवा महिना होता. आईची दोन मऊ लुगडी आणि नवऱ्याचं विरलेलं धोतर अंथरून ती रोज दुपारी धावदोरा घालत बसायची. तिची थोरली जाऊ गोदावरीबाई येता-जाता टोकायची, की मूल जन्मायच्या आधी त्याचं पांघरूण करू नये, अपशकुन होतो. चंद्रभागाबाई नुसती हसायची.

मूल जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी तापाने गेलं. मी अजून अर्धीच होते. त्या लेकराला माझी ऊबसुद्धा मिळाली नव्हती. तरी गोदावरीबाई भरल्या घरात बोलली, "या गोधडीनंच पोर खाल्लं. शिवनारीले सांगतलं होतं मी."

झालं! तेव्हापासून चंद्रभागाबाईला कुणी बारशाला बोलावेना, कुणाची ओटी भरू देईना. पुढे तिला मूल झालंच नाही. आणि मला धान साठवायच्या बांबूच्या ढोलीवर फेकलं. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. एकदा गोदावरीबाई धान पाखडायला मला खाली घेऊन बसली. चंद्रभागाबाईची सुई अजून माझ्यातच टोचलेली होती. ती मी बरोबर जागेवर धरली. बाई अशी उडाली की सुपातलं धान अंगणभर! मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं.

शहाऐंशी साली गोदावरीबाईची सून शकुंतला गरोदर राहिली. ती सगळं ऐकून होती. तिनेच मला ढोलीवरून उतरवलं आणि चंद्रभागाबाईपुढे ठेवून म्हणाली, "काकीजी, पुरी करून द्या. माह्या लेकराले हेच पाहिजे."

चंद्रभागाबाईने मला उलटंसुलटं करून पाहिलं. याही लेकराचं काही झालं असतं, तर तिला गावात उभं राहायला जागा उरली नसती. तरी तिने दोरा ओवला. नजर अधू झाली होती, म्हणून नवे टाके जरा मोठे पडले. शेवटच्या कोपऱ्यात घरच्या रीतीप्रमाणे तिने धानाचे चार दाणे शिवले, पांघरणारा कधी उपाशी राहू नये म्हणून. गोदावरीबाईचा तिळपापड होत होता, पण सुनेपुढे तिचं काही चाललं नाही.

पौषात मुलगा झाला. त्याला माझ्यात गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. पोरगं मात्र दूध पिऊन ढाराढूर झोपलं.

चौथ्या दिवशी गोदावरीबाई चंद्रभागाबाईजवळ येऊन बसली. म्हणाली, "गोधडीचा दोष नव्हता."

"अन् माहा?"

मग गोदावरीबाई खाली बघून म्हणाली, "तुहाबी नव्हता."

चंद्रभागाबाई त्या दिवशी पोटभर रडली. मी नाही रडले.

मित्रांनो, अर्धं राहिलेलं काम उकिरड्यावर टाकू नका, पुरं करा. आणि कुणावर अपशकुनाचा ठपका ठेवू नका. आम्ही गोधड्या विसरत नाही. नातू मला रोज ओली करतो. धुणं गोदावरीबाईकडे आहे. कडाक्याच्या थंडीत, गार पाण्यात ती मला चोळते, पिळते, वळणीवर टाकते आणि दर घटकेला हात लावून बघते. मी मुद्दाम सावकाश वाळते.